मागं टेकू दिलाय का?

नाट्यशास्त्राचे सर ओळखायचे असतील तर चेहऱ्याकडं बघू नये, खिशाकडं बघावं. मराठीच्या सरांच्या खिशात पेन असतं, गणिताच्या सरांच्या खिशात खडूचा तुकडा. नाट्यशास्त्राच्या सरांच्या खिशात मेजरिंग टेप असतो. शिवाय दोन-चार चुका, एक वाकडा स्क्रू, निळ्या जिलेटिनचा कपटा आणि कुठल्या तरी एकांकिका स्पर्धेचा प्रवेशअर्ज. मुदत काल संपलेला. अंगात झब्बा असेलच असं नाही, ती दिग्दर्शक मंडळींची खूण. आपले सर नेपथ्यातले. शर्ट साधा, आणि उजव्या बाहीवर मागच्या प्रयोगाचा रंग. विटकरी दिसला की समजावं, वाड्याचं नाटक झालं. राखाडी दिसला की प्रायोगिक.

हा माणूस खोलीत शिरला की माणसांच्या आधी भिंतींना भेटतो. कुणाच्या घरी वास्तुशांतीला गेला तर प्रसाद हातात घेऊन म्हणतो, "छान आहे. पण दार अपस्टेजला हवं होतं." आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सर पुढं झाले आणि अंतरपाट धरलेल्या मामाला हलक्या आवाजात म्हणाले, "जरा डावीकडं घ्या, नवरी झाकली जातेय." मामानं निमूटपणे घेतलं. सरांच्या आवाजात तशी जरब होती. प्रयोगाला सात मिनिटं उरलेली असताना पन्नास मुलांना हलवणाऱ्या माणसाचा तो आवाज.

मी त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. नाटकाशी माझा संबंध एवढाच, की पहिल्या वर्षी सरांनी मला तिकिटं विकायला टेबलावर बसवलं आणि पुढं नोकरी संपेपर्यंत उठू दिलं नाही. त्यामुळं मी जे लिहितोय ते टेबलामागून दिसलेलं आहे.

सर या धंद्यात आले कसे, याची गोष्ट थोड्याफार फरकानं सगळ्याच सरांची सारखी. दिल्लीत १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघालं, पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ मध्ये तिथले संचालक झाले आणि नाटक ही शिस्तीनं शिकायची गोष्ट आहे असं देशभरातल्या काही पोरांच्या डोक्यात शिरलं. मग आपल्याकडं विद्यापीठांत विभाग निघाले. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ चं, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी २००३ ची. तेव्हाच्या औरंगाबादचा विभाग या दोन्हींहून जुना. तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलापुढं दोन रस्ते असतात. एक मुंबईला जातो, दुसरा मुंबईहून परत येतो. सर दोन्ही रस्त्यांनी गेले. मुंबईत एका मालिकेच्या कलादिग्दर्शकाच्या हाताखाली त्यांनी वर्षभर एकाच दिवाणखान्याची राखण केली. त्या दिवाणखान्यात एक भव्य जिना होता. जिन्यावरून सासू उतरायची. एक दिवस सर जिना चढून वर गेले तर वर काहीच नव्हतं, एक प्लायचा तुकडा आणि झोपलेला स्पॉटबॉय. "वर न जाणारा जिना मी आयुष्यभर सांभाळणार नाही," असं म्हणून ते परतले आणि आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर रुजू झाले. वडिलांनी विचारलं, "नाटक शिकवायचा पगार? आणि तो सरकार देणार?" पहिला पगार पाच महिन्यांनी झाला, तेव्हा वडिलांचा सरकारवरचा विश्वास परत बसला.

विभाग म्हणजे जिमखान्याशेजारची एक खोली. बावीस फूट बाय अठरा. पलीकडं बॅडमिंटन. शोकांतिकेचा तास चालू असला की मधूनच शटल आत यायचं. या खोलीत सर नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय शिकवायचे. भरतमुनींनी नाट्यगृहाची तीन मापं दिलीत, १०८ हात, ६४ हात आणि ३२ हात, आणि माणसांसाठी मधलं बरं म्हटलंय. फार मोठं केलं तर आवाज विरतो आणि चेहऱ्यावरचे भाव मागं पोचत नाहीत. ६४ हात लांब, ३२ हात रुंद. दीड फुटाचा हात धरला तर ९६ बाय ४८ फूट. म्हणजे आमचा विभाग मुनींच्या सर्वांत धाकट्या मापातही बसत नव्हता. सरांनी हेच कारण देऊन संस्थेकडं सभागृहाची मागणी केली. अर्जात संदर्भ दिला: भरतमुनी, अध्याय दुसरा. आठ दिवसांनी अर्ज परत आला. वर हेडक्लार्कचा शेरा होता, "सदर मुनींचे शिफारसपत्र सोबत जोडलेले नाही."

सरांचा पहिला तास बघण्यासारखा असायचा. मुलं नट व्हायला आलेली. कुणी केस वाढवलेले, कुणी आरशासमोर रडायचा सराव करून आलेली. सर प्रत्येकाच्या हातात हातोडी द्यायचे. एक मुलगी म्हणाली, "सर, मला ॲक्टिंग करायचीय." सर म्हणाले, "करा ना. आधी हा फ्लॅट धरा." मग लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्यावर मांजरपाट ताणून मारायचा, त्यावर खळ, खळ वाळली की डिस्टेंपर. सगळ्या मजल्यावर आंबूस वास. पहिलं सत्र संपेपर्यंत निम्मे नट पळून जायचे आणि उरलेल्यांना उभं राहता यायला लागायचं. रंगमंचावर नुसतं उभं राहणं किती अवघड असतं, हे बारा फुटी फ्लॅट तासभर धरल्याशिवाय कळत नाही, असं सरांचं मत होतं. अर्थशास्त्राला असा काही शारीरिक पाया नाही, याचं मला कधीकधी वाईट वाटायचं.

फ्लॅट उभा राहिला की सर पुढून बघायचेच नाहीत. मागं जाऊन विचारायचे, "मागं टेकू दिलाय का?" राजवाडा असो, झोपडी असो, न्यायालय असो, प्रश्न हाच. पुढं पुढं हा प्रश्न नाटकापुरता राहिला नाही. एखादा मुलगा येऊन सांगायचा, "सर, मी मुंबईला निघालो." सर विचारायचे, "मागं टेकू?" म्हणजे राहायला मावशी आहे का, खिशात तीन महिन्यांचे पैसे आहेत का, आणि आईला सांगितलंय का. मुलाच्या चेहऱ्यावरून उत्तर कळायचं. मग सर त्याला एक वर्ष थांबवून बी.ए.चे राहिलेले विषय सोडवायला लावायचे. किती मुलांची करिअरं त्यांनी अशी वर्षभर लांबवली, याचा हिशेब त्या मुलांच्या आयांकडं असेल.

फ्लॅट पडतोच. कितीही टेकू द्या, एखादा प्रयोग असा येतो की ऐन बापाच्या मृत्यूच्या वेळी मागची भिंत बापाच्या आधी जाते. मुलं विंगेत रडकुंडीला यायची. अशा वेळी सर एक गोष्ट सांगायचे. मॉस्को आर्ट थिएटरमध्ये १९१२ साली 'हॅम्लेट' झालं. नेपथ्य गॉर्डन क्रेगचं. छतापर्यंत जाणारे उंचच उंच सरकते पडदे. आणि प्रयोगाला तास-दीड तास उरलेला असताना ते सगळे एकावर एक कोसळले, असं दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीनं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. क्रेग मरेपर्यंत म्हणत राहिला की असं काही झालंच नाही. "आता खरं-खोटं त्या दोघांना माहीत," सर म्हणायचे, "पण जगातल्या सगळ्यात मोठ्या नेपथ्यकाराचा पडला असेल, तर आपला पडायला हरकत नाही. आणि क्रेगसारखं नाकारायला तर मुळीच हरकत नाही." दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं तेव्हा सगळ्या मुलांनी एकमुखानं सांगितलं, भिंत पडणं हा दिग्दर्शकीय विचार होता.

या जमातीतल्या प्रत्येकाच्या आयुष्यात एकदा फिरता रंगमंच येतो. 'तो मी नव्हेच' १९६२ साली फिरत्या रंगमंचावर आलं, तेव्हापासून आपल्याकडच्या नेपथ्यकारांच्या डोक्यातलं ते चाक थांबलेलं नाही. सरांनी आपला फिरता रंगमंच टेम्पोच्या जुन्या बेअरिंगवर बसवला. ढकलायला खाली चार मुलं, कबड्डीच्या संघातली, कारण नाटकातली मुलं अंगानं किरकोळ. पहिला अंक झकास फिरला. दुसऱ्या अंकात न्यायालय जाऊन स्वयंपाकघर यायचं होतं. अर्धं आलं आणि अडकलं. पुढची वीस मिनिटं एका बाजूला न्यायाधीश आणि दुसऱ्या बाजूला पोळ्या लाटणारी बाई एकाच प्रकाशात बसून होते. न्यायाधीशाचं काम करणारा मुलगा हुशार. त्यानं पोळी मागितली. परीक्षकांनी नेपथ्याला पहिलं बक्षीस दिलं, शेऱ्यात लिहिलं, "सार्वजनिक आणि खासगी अवकाशाची धाडसी सरमिसळ." सरांनी बक्षीस घेतलं, पण घरी जाऊन जेवले नाहीत.

पुण्याला पुरुषोत्तम करंडकाला जाणं हा वेगळाच सोहळा. १९६३ पासून चालू असलेली ही स्पर्धा अशी की ज्यांच्या अंगात नाटक नाही त्यांचाही आवाज तिथं बसतो. बाहेर "आवाज कुणाचा" चाललेलं, आत सेट लावायला मोजकी मिनिटं. आमची मुलं टेम्पोत सेटवर बसून गेलेली, त्यामुळं भरत नाट्य मंदिरात पोचेस्तोवर सेट आणि मुलं दोन्ही सारख्याच अवस्थेत. मी एकदा सरांशेजारी बसून प्रयोग पाहिला. समोर मुलगी प्राण पणाला लावून काम करत होती, माझे डोळे भरून आले होते, आणि सर तिच्या डोक्यावरून मागच्या खिडकीकडं बघत पुटपुटत होते, "धरला... धरला... सोडू नको रे." मागं खिडकी धरून उभ्या असलेल्या मुलाला आजवर कुठल्याही परीक्षकानं नाव विचारलेलं नाही. सरांना अशा मुलांची सगळ्या वर्षांची नावं पाठ होती. नटांची नावं मात्र ते चुकायचे.

वर्गात त्यांची दैवतं ठरलेली. द. गो. गोडसे, बाबा पार्सेकर, प्रदीप मुळ्ये. 'वाडा चिरेबंदी' शिकवायला घेतलं की दोन तास फक्त वाड्यावर. एलकुंचवारांच्या नाटकातली माणसं सरांच्या हिशेबी त्या वाड्यात भाड्यानं राहत होती. आणि जब्बार पटेलांचं १९७२ चं 'घाशीराम कोतवाल' आलं की सर खुर्चीतून उठून उभे राहायचे. भिंत माणसांचीच, ती हलते, गाते, लपवते, आणि पाठ फिरवली की नाहीशी होते! हे सर्व वर्गातच ठेवलं असतं तर ठीक होतं. सरांनी ते उत्साहाच्या भरात अर्थसमितीच्या बैठकीत सांगितलं. खजिनदारांनी चष्मा वर केला. "म्हणजे सेटचा खर्च शून्य?" त्या वर्षीची नेपथ्याची तरतूद त्यांनी तिथल्या तिथं काटली. शेरा: "भिंतीसाठी विद्यार्थी उपलब्ध आहेत."

पैशाचा विषय निघालाच आहे तर डेडस्टॉक रजिस्टरबद्दल सांगायला हवं, कारण सरांच्या आयुष्यातलं खरं नाट्य तिथं होतं. रसायनशास्त्राच्या डेडस्टॉकमध्ये काचेच्या नळ्या असतात. आमच्या नाट्यविभागाच्या रजिस्टरमध्ये नोंदी अशा: तलवारी (लाकडी) १२. मुकुट ४, पैकी १ चेपलेला. पालखी १. प्रेत (कापडी) १. ऑडिटर दरवर्षी नवा यायचा आणि दरवर्षी 'प्रेत' या नोंदीपाशी थांबायचा. एका ऑडिटरनं विचारलं, "सिंहासन एक. कुठाय?" सर म्हणाले, "साहेब, ते आधी औरंगजेबाचं होतं. मग न्यायमूर्तींचं झालं. मग वरचा सिंह कापून आम्ही त्याची सलूनची खुर्ची केली." "आत्ता कुठाय?" सरांनी उत्तर दिलं नाही. ऑडिटर ज्या खुर्चीवर बसले होते तिच्याकडं नुसतं बघितलं. ऑडिटर उठून स्टुलावर बसले आणि उरलेलं ऑडिट तिथूनच केलं.

खरेदीचा नियम तीन कोटेशनचा. तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दर स्वीकारायचा. सरांना हवी असायची एक मोडकी सायकल, पुढचं चाक वाकलेलं. जुन्या बाजारातला भंगारवाला म्हणाला, "साडेतीनशे द्या आणि घेऊन जा." सरांनी त्याच्याकडं छापील लेटरहेडवर दर मागितला. भंगारवाल्याला आधी वाटलं, सर चेष्टा करतायत. मग वाटलं, सर आयकर खात्यातले आहेत. त्यानं दुकानाला कुलूप लावलं. शेवटी सरांनी स्वतःच्या मुलाची चांगली सायकल आणली, चाक हातोडीनं वाकवलं, आणि प्रयोग केला. सरांचं घर हे विभागाचं दुसरं गोदाम होतं. वहिनींच्या माहेरून आलेलं कपाट तीन नाटकांत काम करून परत आलं, प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाचं. वहिनी म्हणायच्या, "हे घरी आले की मी आधी टीव्हीवर हात ठेवते." नंतर गावातल्या इतर घरांचीही तीच गत झाली. कुणाची आजीची काठी, कुणाचा कंदील, कुणाचं पानदान. सर दारात उभे राहिले की बायका पितळेची भांडी आत न्यायच्या.

पदोन्नतीचं म्हणाल तर तिथं सरांची पंचाईत झाली. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० साली एपीआयचे गुण आणले. शोधनिबंधाला गुण, पुस्तकाला गुण, परिसंवादाला गुण. सरांनी त्या वर्षी चार सेट उभे केले होते. ते कुठल्या रकान्यात भरायचे, यावर स्टाफरूममध्ये दोन दिवस चर्चा झाली. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी सुचवलं, "प्रकाशित साहित्यात टाका. प्रकाशयोजना होती ना?" शेवटी सर पीएच.डी.ला लागले. विषय झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचे पडदे. भाताची कापणी उरकली की थंडीत पूर्व विदर्भात नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा गाव त्याचं केंद्र, रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. सर टेप आणि वही घेऊन संशोधनाला गेले. पहिल्याच रात्री एका कंपनीचा माणूस म्हणाला, "सर, जरा ही दोरी धरता का?" सरांनी हंगामभर दोरी धरली. प्रबंधाला त्यामुळं उशीर झाला, पण जो झाला तो उत्तम झाला, असं बाहेरच्या परीक्षकांनी कळवलं. मी तो वाचलेला आहे. अर्थशास्त्राच्या एखाद्या प्रबंधात माल आणि मजुरीचा इतका चोख हिशेब मला तरी सापडलेला नाही.

आणि मग प्रशासन. लोकांना वाटतं, नाटकाचा माणूस ऑफिसात काय करणार? मला विचाराल तर कॉलेजात दुसऱ्या कुणालाच ते जमत नाही. बाकीच्या विभागांत तारीख ही सूचना असते, पुढं ढकलता येते. नाटकवाल्याची तिसरी घंटा ढकलता येत नाही. पडदा उघडणार म्हणजे उघडणार, मग मिशी चिकटलेली असो वा नसो. त्यामुळं आमच्याकडं कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकचं वारं सुरू झालं तेव्हा प्राचार्यांनी सगळ्या स्टाफवर नजर फिरवली आणि समन्वयक म्हणून सरांचं नाव घेतलं. भूगोलाचे सर हसले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांना हसायला वेळ मिळाला नाही.

नॅक १९९४ पासूनची. मुख्यालय बंगळुरू, निकष सात. सरांनी सातही निकष भिंतीवर लावले आणि स्टाफला समजावलं, "सात प्रवेशांचं नाटक आहे. चौथा प्रवेश पायाभूत सुविधांचा, तिथं सेट लागतो. सहावा नेतृत्वाचा, तिथं अभिनय लागतो. तिसरा संशोधनाचा, तो शक्यतो लवकर उरकू." मग त्यांनी कॉलेजचा ग्राउंड प्लॅन काढला. समिती कुठून येणार, कुठं थांबणार, काय बघणार. क्यूशीट केली. क्यू ११: समिती ग्रंथालयाच्या दुसऱ्या पायरीवर, वाचनकक्षातले दिवे. क्यू १४: चहा, उजव्या विंगेतून. रंगीत तालीम झाली. समितीच्या अध्यक्षाचं काम शिपाईमामांना दिलं. मामा तीस वर्षं अध्यक्ष बघत आलेले. ते असे काही शिरले की प्राचार्य आपसूक उठून उभे राहिले. मामांनी उपप्राचार्यांना विचारलं, "संशोधनाचं काय केलंत?" उपप्राचार्यांना घाम फुटला. तालीम संपल्यावर मामांनी चहाचे कप गोळा केले आणि जाता जाता म्हणाले, "उत्तर पाठ करा, सायेब."

ही सगळी दिखाऊ रंगरंगोटी, असं म्हणणारे स्टाफमध्ये होते. मीही काही दिवस तसंच म्हणत होतो. पण सरांचा एक नियम होता. नकली खिडकी चालेल, नकली दार चालणार नाही, कारण दारातून कुणीतरी येणार. उघडायचं दार उघडलंच पाहिजे आणि लागायचं दार लागलंच पाहिजे. या एका नियमापायी मुलींच्या प्रसाधनगृहाला कित्येक वर्षांनी कडी बसली. प्रयोगशाळेतले दगावलेले नळ चालू झाले. ग्रंथालयाच्या गळक्या भिंतीपुढं किल्ल्यांचं प्रदर्शन उभारायचं ठरलं होतं. सर भिंतीच्या मागं गेले, हात लावला आणि ओला हात प्राचार्यांना दाखवला. "हिला टेकू नाही लागणार. हिला प्लंबर लागेल." प्लंबर आला. ज्यांनी आयुष्यभर खऱ्या कॉलेजात खरं काम केल्याचा दावा केला, त्यांच्या कारकिर्दीत तो आला नव्हता.

प्रत्यक्ष भेटीत सगळे क्यू बरोबर पडले, एक सोडून. समितीतले एक वयस्कर सदस्य, जिकडं एंट्रीच नव्हती त्या बाजूला चालत गेले आणि त्यांनी एक दार उघडलं. ते विभागाचं गोदाम होतं. बारा तलवारी, पालखी, चेपलेला मुकुट, कोपऱ्यात पाय ताणून पडलेलं कापडी प्रेत. सर पांढरे पडले. सदस्य बराच वेळ आत राहिले. बाहेर आले तेव्हा हातात मुकुट होता. अहवालात विभागाच्या 'समृद्ध वारसा संग्रहा'चं कौतुक आलं. श्रेणीही चांगली आली. याचा एक परिणाम असा झाला की त्या सगळ्या सामानाचं निर्लेखन करायचा ऑडिटरनं धरलेला आग्रह कायमचा निकालात निघाला. वारसा मोडीत काढता येत नाही.

पुढं सर प्रभारी प्राचार्य झाले. बैठकीत कुणी कुठं बसायचं हे ते ठरवायचे. भांडणारे दोन विभागप्रमुख समोरासमोर कधीच नाहीत, दोघंही एकाच रांगेत, मधे मॅडम. विद्यार्थ्यांचा मोर्चा आला की स्वतः पाठीमागं खिडकी घेऊन बसायचे, म्हणजे यांचा चेहरा काळोखात आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड. फीवाढीविरुद्ध पोरं घोषणा देत आली. सरांनी पाच मिनिटं ऐकलं, बाहेर आले आणि पुढाऱ्याला म्हणाले, "घशातून ओरडतोयस. उद्यापर्यंत आवाज बसेल. पोटातून काढ. आणि मागची रांग गप्प उभी आहे, तिला काहीतरी काम दे." दुसऱ्या दिवशी मोर्चा असा दणदणीत झाला की संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. सर म्हणाले, "हो साहेब, कालच्यापेक्षा खूप सुधारलेत." फीवाढ निम्मी झाली. दोन्ही बाजूंना वाटलं, सर आपल्या बाजूचे.

एवढ्या सगळ्यात सेट करायचे राहून गेले. शेवटची सात-आठ वर्षं त्यांच्या बाहीवर रंग नव्हता. टेबलावर जावक क्रमांक, उपयोगिता प्रमाणपत्रं, नव्या शैक्षणिक धोरणाच्या क्रेडिटचे तक्ते. वाणिज्यच्या साठ मुलांना दोन क्रेडिटसाठी नाटक शिकवायचं, तेही बेंचवर बसून. कधी पुण्याला गेले की बालगंधर्वला एखादं नाटक बघायचे. मध्यंतरात मी विचारायचो, "कसं वाटलं?" "जिना बरोबर आहे," ते म्हणायचे, "वर जातो." बैठकीचं इतिवृत्त लिहिता लिहिता समासात त्यांच्या हातून लेव्हल उमटायच्या, पायऱ्या, कमान, एक खुर्ची. ते इतिवृत्त तसंच मंजूर व्हायचं. आमच्या कॉलेजच्या कागदपत्रांत कधी संशोधन झालं तर एक चांगला नेपथ्यकार सापडेल.

साठाव्या वर्षी सर निवृत्त झाले. जागा भरलेली नाही. तासिका तत्त्वावर एक मुलगी शिकवते, हीच ती, पहिल्या तासाला जिला ॲक्टिंग करायची होती. टेप तिच्याही पर्समध्ये असतो. यंदा तिनं राज्य नाट्य स्पर्धेला जायचं ठरवलंय, नाटक वाड्याचं आहे आणि तरतूद नेहमीची. तेव्हा आपल्या घरी जुनी आरामखुर्ची, झोपाळ्याच्या कड्या, लाकडी पेटी किंवा न चालणारं लंबकाचं घड्याळ पडलं असेल तर कॉलेजच्या मागच्या दारानं, दुपारी तीननंतर, विभागात आणून द्यावं. पावती मिळेल. वस्तू परत मिळण्याची आशा धरू नये.